जुने गॅस ग्रिल : भंगारात देऊ नका, पण नुसती डागडुजीही करू नका

नागपूरच्या सदर भागात खाण्यापिण्याचा धंदा जुना आहे. छावणीच्या आधाराने वाढलेला हा बाजार. छावणी, रेसिडेन्सी रोड ही नावे अजून त्याची आठवण देतात. मंगळवारी बाजारापासून रेसिडेन्सी रोडपर्यंत चालत गेले तर सीखकबाबाच्या हातगाडीपासून वातानुकूलित उपाहारगृहापर्यंत सर्व प्रकार दिसतात. या धंद्यात दुकाने जितक्या लवकर उघडतात तितक्याच लवकर बंदही पडतात. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेकांना कुलूप लावावे लागले. हॉटेल बंद पडले की खुर्च्या-टेबले लगेच विकली जातात, फ्रीजला गिऱ्हाईक मिळते, भांडी वजनावर जातात. शेवटी मागच्या अंगणात उरते ते गॅस ग्रिल. गॅसचे काम म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. दोन पावसाळे त्यावरून गेले की भंगारवाला येतो आणि किलोच्या भावाने उचलून नेतो.

हा सौदा मालकाला तोट्याचा आहे आणि आमच्या कारागीर बंधूंनाही तोट्याचा आहे. सदर, गड्डीगोदाम, मोमिनपुरा या भागांत वेल्डिंगचे, शेगडी दुरुस्तीचे व सुतारकामाचे हात आहेत. या तीन हातांनी मिळून जुने ग्रिल उभे करणे हा एक चांगला जोडधंदा होऊ शकतो. मात्र हे काम करण्याचा एक कायदा आहे आणि तो आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. ग्रिलच्या ज्या भागातून गॅस वाहतो तो प्रत्येक भाग नवा घालावा. ज्या भागातून गॅस वाहत नाही तो प्रत्येक भाग शक्यतो जुनाच ठेवून दुरुस्त करावा. बाजारात बहुधा याच्या उलट चालते. बाहेरचा पत्रा नवा चकचकीत बसवतात आणि आतली गॅसची नळी, कॉक, जेट जुनेच ठेवतात. गिऱ्हाइकाला चकाकी दिसते, गळती दिसत नाही.

ग्रिल म्हणजे शेगडी नव्हे

शेगडीत ज्योत भांड्याला लागते. ग्रिलमध्ये ज्योत आणि मांस यांच्यामध्ये एक तापणारा थर असतो. कुठे लाव्हाचे दगड असतात, कुठे उलट्या व्ही आकाराच्या लोखंडी किंवा स्टीलच्या पट्ट्या. मांसातील चरबी त्यावर टपकते, तिथेच जळून तिचा धूर होतो आणि तोच धूर मांसाला चव देतो. पट्ट्या सडलेल्या असल्या तर चरबी थेट बर्नरवर पडते, छिद्रे बुजतात आणि आग वर उठते. म्हणून या पट्ट्या म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. त्या बर्नरचे छप्पर आहेत.

हे यंत्र मूळ अमेरिकेचे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये समुद्रात खूण म्हणून तरंगत ठेवतात तसल्या लोखंडी गोळ्याचे दोन भाग केले आणि झाकणाची गोल कोळशाची शेगडी बनवली. गॅसवरचे ग्रिल तिकडे १९६० च्या सुमारास आले. पुढे १९८५ मध्ये वेबर कंपनीने 'जेनेसिस' नावाचे तीन बर्नरांचे ग्रिल काढले. त्याची पेटी ओतीव अॅल्युमिनियमची आणि बाजूची फळी व कडा लाकडी पट्ट्यांच्या होत्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची अशी ग्रिले तिकडचे लोक आजही विकत घेतात, बर्नर व पट्ट्या नव्या घालतात, कुजलेल्या लाकडाच्या जागी सागवान बसवतात व पुन्हा वापरतात. पेटी शाबूत राहते म्हणूनच हे जमते. आपल्याकडे अशी ग्रिले क्वचित येतात, ती बहुधा आखातातून परतलेल्या कुटुंबांच्या सामानातून. हॉटेलांत दिसतात ती देशी बनावटीची, स्टीलच्या चौकोनी पेटीची. तत्त्व दोन्हींचे एकच.

आता कोळशावरून गॅसकडे येण्याची कारणेही वाढत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर आणण्याबाबत सहा महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने बेकऱ्यांना व तंदूर चालवणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा बजावल्या. दिल्लीत हवा बिघडली की हॉटेलांतील कोळशाच्या तंदूरवर बंदी येते. हे आदेश त्या-त्या शहरांपुरते आहेत, नागपूरला ते लागू नाहीत. पण ज्याचा धंदा कबाबाचा आहे त्याने वारा कुठून वाहतो हे पाहून ठेवलेले बरे.

घेताना काय पाहावे

पहिला प्रश्न हा की ग्रिल आजवर कोणत्या गॅसवर चालले. नागपुरात बहुतेक सर्व काम सिलिंडरच्या गॅसवर चालते. परंतु मुंबईच्या हॉटेलांत पाइपने येणारा नैसर्गिक गॅस आहे आणि तिथे बंद पडलेल्या हॉटेलांचा माल इकडेही येतो. नैसर्गिक गॅस सिलिंडरच्या गॅसपेक्षा हलका व कमी उष्णतेचा असतो, म्हणून त्याच्या जेटचे भोक मोठे ठेवतात. तेच ग्रिल तसेच सिलिंडरला जोडले तर जवळजवळ दुप्पट उष्णतेचा गॅस बाहेर येतो. ज्योत पिवळी होऊन वर चढते, काजळी धरते, मांस काळे पडते. अशा वेळी मिस्त्री म्हणतो बर्नर खराब आहे. बर्नर खराब नसतो, जेट परक्या गॅसचे असते.

दुसरी गोष्ट पेटीची. पेटीच्या तळाशी, जिथे चरबी साचते तिथे, पेचकस टोचून पाहावा. आरपार गेला तर सौदा सोडून द्यावा. वरचे झाकण गंजलेले दिसले तरी चालते. झाकणाच्या आतून पापुद्रे सुटत असतील तर लोक समजतात की रंग उडतो आहे. बहुधा तो रंग नसतो, वर्षानुवर्षांची जळलेली चरबी असते, ती खरवडून निघते.

तिसरी गोष्ट स्टीलची, आणि इथे फसवणूक फार होते. आपल्याकडे चुंबक लावून स्टील ओळखण्याची पद्धत आहे. चुंबक चिकटला तर हलके, नाही चिकटला तर ३०४. ही अर्धीच ओळख आहे. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक धरत नाही हे खरे. पण २०२ जातीच्या स्टीललाही चुंबक धरत नाही. त्यात निकेल कमी करून मँगेनीज घातलेले असते, ते स्वस्त असते, आणि मीठ, मसाला व आच यांच्यापुढे लवकर हार खाते. उलट ४३० जातीला चुंबक चिकटतो, तरी ते २०२ पेक्षा टाकाऊ ठरतेच असे नाही. खात्री करायची तर स्टीलच्या व्यापाऱ्याकडे तपासणीच्या द्रवाची बाटली मिळते. एक थेंब टाकला की रंगावरून जात कळते. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने ही बाटली खिशात ठेवावी. जाळी व बर्नर यांसाठी ३०४ घ्यावे, बाहेरच्या पत्र्यासाठी ४३० चालते.

गॅसची वाट

सिलिंडर, रेग्युलेटर, रबरी नळी, ज्या पाइपवर कॉक बसतात तो पाइप, कॉक, जेट, हवा मिसळणारी नळी आणि बर्नर. ही गॅसची वाट. यातील एकही वस्तू ठोकून, डाग देऊन किंवा एम-सील लावून चालवू नये. एम-सील पाण्याच्या नळाचा इलाज आहे, गॅसच्या नळीचा नव्हे. रबरी नळी आयएसआय खुणेची घ्यावी आणि बरी दिसत असली तरी पाच वर्षांनी बदलावी. चुडीच्या जोडावर सुतळी-सफेदा न वापरता गॅससाठी मिळणारी पट्टी किंवा लेप वापरावा.

आता दाबाविषयी. सर्वांत जास्त चूक इथे होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० ग्रॅम इतक्या कमी दाबाने बाहेर येतो. बहुतेक ग्रिले याच्या आसपासच्या दाबासाठी बनवलेली असतात. हॉटेलच्या भट्टीचा रेग्युलेटर वेगळा. तो एक किलो व त्याहूनही जास्त दाब देऊ शकतो, कारण बिर्याणीच्या डेगेखालच्या बर्नरला तेवढा लागतो. एक किलोचा दाब ग्रिलला दिला तर त्याच जेटमधून सुमारे पाचपट गॅस निघतो. ज्योत बर्नर सोडून वर तरंगते, आवाज करते, आणि विझली तर गॅस तसाच वाहत राहतो. ग्रिल भट्टीच्या लाइनला जोडायचे असेल तर मध्ये दाब उतरवणारा दुसरा रेग्युलेटर बसवणे अनिवार्य आहे. तो खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. 'अॅडजस्ट करून घेऊ' म्हणणाऱ्या मिस्त्रीला काम देऊ नये.

जेटचे गणित सोपे आहे. भोकाची रुंदी थोडी वाढली तरी गॅस बराच वाढतो, कारण गॅस भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे जातो. १ मिलिमीटरचे भोक १.२ मिलिमीटर केले तर गॅस दीडपटीच्या जवळ, म्हणजे ४४ टक्के वाढतो. म्हणून जेट साफ करताना त्यात सुई किंवा तार घालणे घातक आहे. पितळ मऊ असते, दोन-चार वेळा तार फिरवली की भोक मोठे व वाकडे होते. जेट बुजले तर फेकून द्यावे, नवे फार महाग नसते. अमेरिकन ग्रिलच्या जेटची चुडी आपल्या बाजारातील जेटशी बहुधा जुळत नाही. तेव्हा खरादवाल्याकडून पितळेचे कोरे जेट करून घ्यावे आणि भोक बारीक ड्रिलने मोजून पाडावे. मोजमापासाठी एक अंदाज देतो. परदेशी ग्रिलच्या एका बर्नरवर १२,००० बीटीयू लिहिलेले असेल तर कमी दाबाच्या सिलिंडर-गॅसवर त्याला सुमारे १ मिलिमीटरचे जेट लागते. त्यापेक्षा लहान भोकापासून सुरुवात करावी. भोक वाढवता येते, कमी करता येत नाही.

यातूनच इंधनाचा हिशेबही निघतो आणि हॉटेलवाला तो हमखास विचारतो. असे तीन बर्नर, म्हणजे ३६,००० बीटीयू, पूर्ण आचेवर तासाला सुमारे ८०० ग्रॅम गॅस घेतात. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असा तेवीस तासांच्या आसपास चालतो. रोज चार तास कबाब लागत असतील तर एक सिलिंडर साडेपाच-सहा दिवस पुरतो. यापेक्षा फार लवकर संपत असेल तर जेट किंवा दाब चुकला आहे.

बर्नर देशी ग्रिलमध्ये बिडाचे असतात, परदेशीमध्ये स्टीलच्या नळीचे. बिडाचा बर्नर तडकला नसेल आणि त्याची छिद्रे वाढलेली नसतील तर तारेच्या ब्रशने साफ करून पुन्हा बसवता येतो. आमच्या कायद्याला एवढा एकच अपवाद आम्ही मानतो. स्टीलच्या नळीचा बर्नर मात्र गंजून छिद्रे एकमेकांत मिसळली की संपला. तो वर्कशॉपमध्ये बनवून घेता येतो. जुन्याची छिद्रे मोजावीत, तितकीच व तेवढ्याच मापाची पाडावीत. नळी ३०४ ची घ्यावी. जीआय पाइपचा बर्नर करून देणारे पुष्कळ आहेत. त्या पाइपवरचा जस्ताचा थर आचेत जळतो व त्याचा धूर माणसाच्या अंगात शिरतो. वेल्डिंग करणाऱ्या बंधूंना जस्ताच्या धुराने चढणारा ताप माहीत आहे. तो धूर गिऱ्हाइकाच्या जेवणाखाली ठेवू नये.

अंगणात पडून राहिलेल्या ग्रिलमध्ये आणखी एक शत्रू असतो. हवा मिसळणाऱ्या नळीत कोळी जाळे करतो, कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. बाहेरून काही दिसत नाही. गॅस पुढे जाऊ शकत नाही, मागे फिरतो आणि ज्योत कॉकपाशी, थेट नळीजवळ पेटते. जुने ग्रिल सुरू करताना लागलेल्या आगींचे हे एक ठरलेले कारण आहे. म्हणून उघडल्याशिवाय व बाटलीच्या ब्रशने नळी साफ केल्याशिवाय कोणतेही ग्रिल 'फक्त बघण्यासाठी' पेटवू नये. मालक आग्रह करील, तरीही नाही.

सर्व जोडून झाले की सर्व कॉक बंद ठेवून सिलिंडर उघडावा व प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला तर जोड पुन्हा करावा. काडी पेटवून गळती शोधण्याची पद्धत अजून काही जागी आहे. तिच्याविषयी बोलायलाही नको. ज्योत निळी, टोकाला किंचित पिवळी चालेल. सगळी पिवळी असेल तर हवा कमी, बर्नरपासून सुटलेली असेल तर हवा किंवा दाब जास्त.

साफसफाईत कॉस्टिकचा धोका

चरबी काढायला आपल्याकडे कॉस्टिक सोडा वापरतात. लोखंडाला व स्टीलला ते चालते. पण ओतीव अॅल्युमिनियमची पेटी कॉस्टिकमध्ये टाकली तर कॉस्टिक अॅल्युमिनियमच खाऊ लागते, फेस येतो, त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि काही तासांत तीस वर्षे टिकलेली पेटी चाळण होते. अॅल्युमिनियम असेल तर गरम पाणी, भांड्यांचा साबण, लाकडी किंवा प्लॅस्टिकची खरवडणी व भरपूर मेहनत, एवढेच. इनॅमल चढवलेल्या झाकणावर ग्राइंडर लावू नये. इनॅमल काचेसारखे असते, एकदा तडा गेला की तिथून गंज धरतो. जाळीसाठी जुन्या फ्रीजच्या जाळ्या कापून वापरण्याची युक्तीही आम्हाला पसंत नाही. त्यांवरचा मुलामा जस्ताचा किंवा कॅडमियमचा असू शकतो आणि तो अन्नाखाली तापवण्यासाठी नसतो. आगीला सोसणारा काळा रंग मिळतो, तो पेटीच्या बाहेरूनच मारावा.

सागवानाचे काम

ग्रिलची विक्री खरी होते ती लाकडावर. स्टील सर्वांकडे असते. बाजूला सागवानाच्या पट्ट्यांची फळी, झाकणाला हातात भरणारी मूठ, खाली पक्क्या चाकांची गाडी असली की त्याच ग्रिलकडे गिऱ्हाईक वळून पाहते. आणि सागवानाच्या बाबतीत नागपूरइतके भाग्यवान शहर थोडेच. आलापल्ली, बल्लारशा इकडचे सागवान देशभर नावाजलेले आहे. दिल्लीत २०२३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेले. वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि लकडगंजचा लाकूडबाजार तर सर्वांना ठाऊक आहे.

परंतु ग्रिलसाठी नवे सागवान घेण्याची गरज नाही. सदर, सिव्हिल लाइन्स, महाल या भागांत जुनी घरे पडतात तेव्हा निघणारे दरवाजे, चौकटी, वासे हे याहून उत्तम. पन्नास-साठ वर्षे वाळलेले लाकूड वाकत नाही, ताणत नाही. त्यात मोडके खिळे असतात, तेव्हा रंधा किंवा करवत लावण्यापूर्वी चुंबक फिरवून ते काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाईल. ताज्या मालाची वाहतूक करायची झाल्यास वनखात्याच्या वाहतूक पासाची विचारणा होऊ शकते. दुकानातून घेतलेल्या लाकडाचे बिल जपून ठेवावे.

कामाच्या दोन-तीन बाबी सुतार बंधूंनी लक्षात ठेवाव्यात. फळी एकसंध पाटासारखी चिकटवून करू नये. चार-पाच सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या घेऊन त्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावी. नागपूरचा मे महिना आणि ऑगस्ट यांत लाकूड किती फुगते-आटते हे आम्ही सांगायला नको. पट्टीच्या एका टोकाचे भोक गोल व दुसऱ्या टोकाचे लांबट ठेवले तर पट्टीला सरकायला जागा मिळते. स्क्रू पितळेचे किंवा स्टीलचे घ्यावेत. लाकूड पेटीला टेकू देऊ नये. मध्ये लोखंडी ब्रॅकेट व किमान वीतभर मोकळी हवा असावी. सुमारे २५०-३०० अंशांवर लाकूड पेटते, पण त्याआधी, रोजच्या कमी आचेनेही ते आतून करपत जाते.

पॉलिशच्या बाबतीत आमचे मत सुतार बंधूंना रुचणार नाही. चपड्याचे पॉलिश दिसायला सुरेख, पण चपडा म्हणजे लाख, ती आचेने नरम पडते. गरम सळई ठेवली की पांढरा डाग पडतो आणि पंधरा दिवसांत फळी चिकट होते. ग्रिलला जवसाचे तेल हेच योग्य. विदर्भात जवस परका नाही. तेल पातळ हाताने तीन-चार वेळा चोळावे, प्रत्येक वेळी एक-दोन दिवस वाळू द्यावे, व वर्षातून एकदा मालकाने स्वतः पुन्हा चोळावे. ज्या फळीवर मांस कापायचे तिला कच्चे तेल लावावे. डबल बॉइल्ड तेलात वाळवण्यासाठी धातूची द्रव्ये घातलेली असतात. एक सावधगिरी फार थोड्यांना माहीत असते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप गरम होत जातो व काही तासांनी स्वतःच पेट घेऊ शकतो. सुतारखान्यात, भुश्शाच्या शेजारी, याचा अर्थ काय तो सांगायला नको. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

इथेच सुतार व गॅसचा मिस्त्री यांची गाठ पडायला हवी. सिलिंडर दिसू नये म्हणून ग्रिलखाली बंद दारांचे सुंदर कपाट करून मागणारे गिऱ्हाईक असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर तळाशी साचतो, वर जात नाही. बंद कपाट म्हणजे गॅसची टाकीच. करायचेच तर तळाशी, जमिनीलगत, दोन्ही बाजूंना हाताचा पंजा जाईल एवढी जाळीची मोकळी जागा ठेवावी. त्यापेक्षा सिलिंडर बाहेर ठेवावा आणि कपाटात ताटल्या ठेवाव्यात. गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

हिशेब व कागद

समजा तसे नवे ग्रिल साठ हजारांना मिळते. जुने आठ हजारांना घेतले. गॅसच्या वाटेचे सर्व सुटे भाग नऊ हजार, जाळी-पट्ट्या व वेल्डिंग पाच हजार, लाकूड व स्क्रू चार हजार, तिघांची मजुरी सहा हजार धरली तर बत्तीस हजार होतात. चाळीस हजारांना विकले तर आठ हजार उरतात. यातील दोन हजार बाजूला ठेवावेत, कारण वर्षभरात एखादा कॉक बदलून द्यावा लागणारच. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या बाजारात विचारून आपले मांडावेत. पण गॅसच्या भागांचा वाटा सर्वांत मोठा असला पाहिजे. तो जर दोन हजारांवर आला असेल तर समजावे की कुठेतरी जुनेच भाग ठेवले आहेत.

जीएसटीत जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी वेगळी तरतूद आहे. वस्तूचे मूळ रूप न बदलता, किरकोळ प्रक्रिया करून विकली आणि खरेदीवर करवजावट घेतली नसेल, तर कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीच्या फरकावर बसतो. निम्मे ग्रिल नवे केले तर त्याला किरकोळ म्हणता येईल का, हे आपल्या कर सल्लागाराला आधीच विचारावे. नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे, पण दुरुस्तीची सेवाही देत असाल तर ती २० लाखांची धरावी. सुतार व लोहार हे दोन्ही व्यवसाय १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत आहेत. त्यातील कर्ज व्याजाचे आहे. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य हा भाग वेगळा आहे.

हॉटेलवाल्याने घरगुती लाल सिलिंडर धंद्यात वापरणे बेकायदा आहे. असे दिसले तर ग्रिल जोडून देऊ नये, उद्या काही झाले तर जोडणाऱ्याचेही नाव येते. एका जागी एकूण १०० किलोपर्यंत गॅस ठेवायला परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर, भरलेले व राखीव धरून. त्यावर गेले की परवाना हवा.

माल ताब्यात देताना गिऱ्हाइकासमोर ग्रिल तासभर पूर्ण आचेवर चालवून दाखवावे, साबणाचे पाणी त्याच्याच हाताने लावून घ्यावे आणि पेटीच्या मागे पितळेची छोटी पाटी ठोकावी. पाटीवर चार गोष्टी कोराव्यात : कोणता गॅस, किती दाब, जेटचे माप, काम केल्याची तारीख. रमजानच्या महिन्यात मोमिनपुऱ्यात रात्री बारा वाजता एखादा बर्नर बंद पडेल, तुम्ही तिथे नसाल, दुसराच मिस्त्री धावत येईल. त्याला ही पाटी वाचता आली पाहिजे.